श्रेयाची वाटणी : बालाचडी आणि वळिवडे

इतिहास शिकविणाऱ्यास एक मोह सदैव होत असतो. गोष्ट रंगली पाहिजे, मुलांनी माना वर केल्या पाहिजेत, मागच्या बाकावरील कुजबूज थांबली पाहिजे, या इच्छेने तो एखाद्या प्रसंगातील दहा माणसांची कामे एकाच माणसाच्या पदरी घालतो. मुलांस ती गोष्ट आवडते, शिक्षकासही ती सांगताना आनंद होतो, आणि उरलेली नऊ माणसे तक्रार करण्यास हयात नसतात. या मोहास आम्हीही बळी पडलो आहोत. त्याची कबुली देऊनच प्रस्तुत विषयास आरंभ करणे आम्हांस उचित वाटते.

सन 1944 मध्ये संपलेली नव्हे, तर 1948 पर्यंत आपल्या देशात चालू राहिलेली एक हकीकत अलीकडे पुन्हा सर्वांच्या तोंडी झाली आहे. दुसऱ्या महायुद्धात निराश्रित झालेल्या पोलिश मुलांस आणि स्त्रियांस हिंदुस्थानात आश्रय मिळाला, ती ही हकीकत. 2024 च्या ऑगस्ट महिन्यात भारताचे पंतप्रधान वॉर्सा येथे गेले असता त्यांनी नवानगरच्या जामसाहेबांच्या स्मारकास पुष्पचक्र वाहिले, आणि ती वार्ता आमच्या बडोद्याच्या वृत्तपत्रांतही ठळकपणे आली. दुसऱ्या दिवशी शाळेच्या प्रार्थनासभेत आम्ही मुलांस ती गोष्ट सांगितली. ती आम्ही जशी ऐकली होती तशीच सांगितली. हजार अनाथ मुलांनी भरलेले एक जहाज बंदरामागून बंदर भटकत होते, कोणीही त्यांना उतरू देईना. मुंबईच्या इंग्रज अधिकाऱ्यांनीही दार लावले. तेव्हा जामसाहेबांनी सरकारचा रोष पत्करून ते जहाज आपल्या बंदरात आणविले आणि त्या हजार मुलांचे ते पिता झाले. मुले स्तब्ध होऊन ऐकत होती. आमच्या मनाजोगी सभा झाली.

सभा आटोपल्यावर आठवीतील एक मुलगी कार्यालयाच्या दाराशी येऊन उभी राहिली. तिचे आजोळ कोल्हापूरकडचे. ती म्हणाली, “सर, माझी पणजी सांगायची की आमच्या वळिवड्याला पोलंडची पुष्कळ माणसं राहत होती. तीही त्याच जहाजातून आली का?” आम्ही तिला काहीतरी थातुरमातुर उत्तर देऊन वर्गात पाठविले. परंतु ते उत्तर देताना आपणांस काहीच ठाऊक नाही याची लाज आमच्या मनात राहिली. ज्या दिवशी पंतप्रधानांनी जामसाहेबांच्या स्मारकास वंदन केले, त्याच दिवशी त्याच नगरीत त्यांनी कोल्हापूरच्या छावणीच्या स्मारकासही वंदन केले होते. ही ओळ त्याच बातमीत होती. आम्ही ती वाचूनही वाचली नव्हती. तेव्हापासून मिळेल तेवढे या विषयावर वाचले, आणि जे हाती आले ते सहव्यवसायी बंधुभगिनींपुढे ठेवावे म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम घटना. 1939 च्या 1 सप्टेंबर रोजी जर्मनीने पोलंडवर स्वारी केली आणि त्याच महिन्याच्या 17 तारखेस सोव्हिएत रशियाच्या फौजा पूर्वेकडून आत घुसल्या. देश दुभंगला. पूर्वेकडील भाग रशियाच्या ताब्यात जाताच 1940 च्या फेब्रुवारीपासून 1941 च्या जूनपर्यंत चार मोठ्या लाटांत तेथील लक्षावधी माणसांस मालगाड्यांत कोंबून सैबेरियात, उत्तर रशियातील जंगलांत आणि कझाकस्तानच्या ओसाड माळांवर नेण्यात आले. त्यांत जमीनदार होते तसे शेतकरी होते, वनरक्षक होते, शिक्षक होते. आणि त्यांच्या बायकामुलांस तर कोणताच अपराध नव्हता. थंडी, उपासमार आणि रोगराई यांनी अनेकांचा बळी घेतला. ज्या मुलांचे आईबाप गेले, ती अनाथालयांत आली.

1941 च्या जूनमध्ये हिटलरने रशियावरच चढाई केली, आणि कालचा शत्रू दोस्तांच्या पक्षात आला. लंडनमध्ये आश्रयास असलेल्या पोलिश सरकारचे प्रमुख जनरल सिकोर्स्की यांनी 1941 च्या जुलैअखेर रशियाशी करार केला. त्यानुसार कैदेतील पोलिश नागरिकांस मोकळीक मिळाली, आणि जनरल अँडर्स यांच्या नेतृत्वाखाली रशियाच्याच भूमीवर एक पोलिश सेना उभी राहू लागली. या सेनेच्या छत्राखाली पोहोचावे म्हणून स्त्रिया व मुले हजारो मैलांवरून दक्षिणेकडे निघाली. 1942 च्या वसंतात आणि पुन्हा ऑगस्टमध्ये कास्पियन समुद्र ओलांडून एक लाखाहून अधिक पोलिश माणसे इराणमध्ये उतरली. त्यांत सैनिक होते, तसे हजारो नागरिक आणि मुलेही होती. सुटकेचा हा मुख्य प्रवाह होय. हिंदुस्थानात आलेली मुले आणि स्त्रिया या त्या महापुराच्या दोन लहान शाखा. हे प्रमाण प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. अन्यथा पुढील सर्व हिशेब चुकतो.

आता जहाजाची गोष्ट. बालाचडीस गेलेल्या पहिल्या मुलांचा प्रवास जहाजातून झालाच नाही. तो खडतर खुष्कीच्या मार्गाने झाला. तुर्कमेनिस्तानातील अश्गाबाद येथे पोलिश अनाथ मुलांचे एक निवासस्थान होते. मुंबईहून औषधे, कपडे आणि अन्नसामग्री घेऊन मालमोटारींचा एक ताफा तिकडे गेला. आणि परत येताना त्याच मोटारींतून मुलांस इकडे आणण्यात आले. मशहद, झाहेदान, क्वेट्टा असा तो मार्ग. एका बाजूस डोंगरी घाट, दुसऱ्या बाजूस वाळवंट. वर उघडे आभाळ आणि मोटारीत महिनोन् महिने उपाशी राहिलेली, आजाराने खंगलेली मुले. 1942 च्या एप्रिलमध्ये पहिली तुकडी मुंबईस पोहोचली. काही काळ ती मुले वांद्रे येथे राहिली, आणि त्याच वर्षाच्या जुलैत जामनगरपासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर समुद्रकाठी उभारलेल्या बालाचडीच्या छावणीत त्यांस नेण्यात आले.

हा प्रवास कोणी घडविला? मुंबईतील पोलिश वकिलातीचे प्रमुख यूजेनियुश बनाशिन्स्की आणि त्यांच्या पत्नी कीरा बनाशिन्स्का या दांपत्याचे नाव येथे प्रथम घेतले पाहिजे. कीराबाई पोलिश रेडक्रॉसच्या हिंदुस्थानातील प्रतिनिधी होत्या. निधी जमविणे, अधिकाऱ्यांच्या भेटी घेणे, परवानग्या मिळविणे, सामान गोळा करणे, आणि मुले आल्यावर त्यांच्या अंथरुणपांघरुणापासून शाळेपर्यंतची काळजी वाहणे, ही सारी कामे त्यांच्या हातून झाली. युद्ध संपल्यावरही त्या हिंदुस्थानातच राहिल्या. मोटारींच्या ताफ्याबरोबर गेलेल्यांत डॉ. कोनार्स्की होते, पुढे छावणीचे प्रमुख झालेले फादर फ्रान्सिशेक प्लूता होते. युद्धापूर्वी वॉर्साच्या रंगभूमीवर गाजलेली गायिका हान्का ऑर्दोनूव्ना स्वतः कैदेतून सुटून आजारी अवस्थेत अश्गाबादच्या मुलांची देखभाल करीत होती, आणि त्यांच्याबरोबरच ती हिंदुस्थानात आली. या मुलांच्या भ्रमंतीवर तिने लिहिलेले पुस्तक 1948 मध्ये बैरूत येथे टोपणनावाने प्रसिद्ध झाले. आपल्या पुस्तकावर स्वतःचे नावही न घालणाऱ्या त्या बाईचे नाव आपल्याकडील गोष्टीतूनही गळून पडावे, हा दैवदुर्विलासच म्हणावयाचा.

आणि त्या मालमोटारींचे चालक? त्यांत आपले हिंदी चालक होते. घाटात गाडी सावरणारा, रात्री इंजिनापाशी जागणारा, मागे बसलेल्या मुलाची भाषा न समजताही त्यास पाणी देणारा हा माणूस कोणत्याही स्मारकावर नाही. जहाजाच्या गोष्टीने सर्वांत मोठा अन्याय कोणावर केला असेल, तर तो यांच्यावर. त्यांची मोटारच गोष्टीतून नाहीशी झाली. मग ते तरी कोठून उरणार?

जहाज मात्र अगदीच खोटे आहे असे नाही. इराणच्या आखातावरून जहाजाने कराचीस आलेले निराश्रित होतेच. परंतु ते मागाहून आलेले, आणि त्यांपैकी बहुतेकांची वाट बालाचडीकडे नव्हे, वळिवड्याकडे जात होती. त्यांस कोणी बंदरातून हाकलून लावले नव्हते. सरकारी व्यवस्थेने ते आले, कराचीजवळच्या तात्पुरत्या छावण्यांत राहिले आणि तेथून पुढे गेले. म्हणजे लोककथेने एका ठिकाणचे जहाज उचलून दुसऱ्या ठिकाणी नेऊन ठेवले आणि वर त्यास एक वादळ चिकटविले.

येथे वाचक विचारील, की मग जामसाहेबांचे श्रेय ते काय उरले? आमचे उत्तर असे, की पुष्कळ उरले. आणि जे उरले ते खरे असल्यामुळे अधिक मोलाचे आहे. जामसाहेब दिग्विजयसिंहजी त्या वेळी नरेंद्रमंडळाचे चान्सलर होते आणि 1942 मध्ये साम्राज्याच्या युद्धमंत्रिमंडळात हिंदुस्थानचे एक प्रतिनिधी म्हणून बसले होते. त्यांचे चुलते आणि पूर्वाधिकारी रणजितसिंहजी यांच्या स्वित्झर्लंडमधील वास्तव्यात तरुणपणी त्यांस पोलंडचे विख्यात पियानोवादक व मुत्सद्दी पादेरेव्हस्की यांचा परिचय घडला होता, आणि त्या देशाविषयी त्यांच्या मनात आस्था होती. सरकारने पाचशे मुले आणण्यास संमती दिली तेव्हा ‘माझ्या राज्यात ठेवा’ असे म्हणून त्यांनी जागा पुढे केली. आपल्या समुद्रकाठच्या उन्हाळी वाड्याजवळ त्यांनी छावणीस भूमी दिली. मुलांस त्यांनी वरचेवर भेटी दिल्या, त्यांच्या खेळांत आणि सणांत ते सामील झाले, आणि मुले त्यांस ‘बापू’ म्हणू लागली. मुलांचा धर्म, मुलांची भाषा, मुलांचा ध्वज यांस त्यांनी धक्का लागू दिला नाही. आश्रय देणारा पुष्कळदा आश्रिताकडून त्याचे स्वत्व मोबदला म्हणून मागतो. जामसाहेबांनी ते मागितले नाही. आमच्या मते त्यांचा थोरपणा येथे आहे.

परंतु ते सरकारच्या विरोधात उभे राहिले, हे म्हणणे वस्तुस्थितीस धरून नाही. ते सरकारात बसून, सरकारकडून काम करवून घेत होते. वाटाघाटी, पत्रव्यवहार, समित्या, हिशेब, या रुक्ष मार्गानेच मुलांसाठी दार उघडले. दिल्लीत पोलिश मुलांसाठी एक निधी उभारण्यात आला. त्यात संस्थानिकांनी पैसा घातला, टाटांसारख्या उद्योगपतींनी घातला, ख्रिस्ती धर्मसंस्थांतील मंडळींनी खटपट केली, आणि सामान्य दात्यांनीही हातभार लावला. बालाचडीचा खर्च प्रामुख्याने अशा दानाच्या पैशातून चालला. एका राजाच्या औदार्याची म्हणून जी गोष्ट आपण सांगतो, ती वस्तुतः पुष्कळ हातांनी भरलेल्या एका पेटीची गोष्ट आहे.

त्या गोष्टीतील आणखी एक प्रसंग असाच एका नावावर चढला आहे. युद्ध संपत आल्यावर पोलंडमध्ये रशियाच्या प्रभावाखालील राजवट आली, आणि अनाथ मुलांस तिकडे परत धाडावे असा आग्रह सुरू झाला. ज्यांनी त्यांस अनाथ केले त्यांच्याच छायेत ती मुले जाणार, या भीतीने त्यांचे कायदेशीर पालकत्व स्वीकारण्यात आले. जामसाहेबांनी मुले दत्तक घेतली, असे आपण सांगतो. परंतु ते पालकत्व एकट्या जामसाहेबांचे नव्हते. त्यांच्यासमवेत फादर प्लूता आणि संपर्क अधिकारी जेफ्री क्लार्क हेही होते. एक हिंदू राजा, एक पोलिश धर्मगुरू आणि एक इंग्रज अधिकारी यांनी मिळून परक्या मुलांचे पालक व्हावे, यात जे सौंदर्य आहे ते त्यांतील दोघांस पुसून टाकल्याने वाढत नाही. उलट, निम्म्याहून अधिक नाहीसे होते.

आता वळिवड्याकडे वळू. मिरज-कोल्हापूर लोहमार्गावर, पंचगंगेच्या परिसरात, कोल्हापूरपासून जवळच हे गाव. 1943 मध्ये तेथे पोलिश निराश्रितांची वसाहत उभी राहिली, आणि तीत सुमारे पाच हजार माणसे राहिली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. बालाचडीची मुले काही शेकड्यांत मोजावयाची. वळिवड्याची माणसे हजारांत. ओळीने बांधलेल्या बराकी, प्रार्थनामंदिर, रुग्णालय, टपालकचेरी, नाट्यगृह, बालवीरांची पथके आणि प्राथमिकपासून वरच्या वर्गांपर्यंतच्या शाळा, असे ते एक लहानसे नगरच होते. ज्यांस स्वतःचा देश नाही अशा माणसांनी पहिल्याप्रथम शाळा काढाव्यात, ही गोष्ट शिक्षकवर्गाने तरी विसरू नये. 1946 मध्ये बालाचडीची छावणी बंद झाली, तेव्हा तेथील उरलेली मुले वळिवड्यासच आली. म्हणजे जी मुले बालाचडीच्या गोष्टीचे नायक आहेत, त्यांपैकी अनेकांच्या आठवणींचा शेवटचा भाग कोल्हापूरच्या मातीतला आहे. आमची गोष्ट मात्र जामनगरलाच संपत होती.

तेव्हा वळिवड्यावर अन्याय झाला हे उघड आहे. परंतु एका अन्यायाची भरपाई करताना दुसरा करण्याची आपणांस फार घाई असते. ‘जामनगरला जामसाहेब, तसे कोल्हापूरला महाराज’ असे वाक्य आम्ही अलीकडे ऐकतो. कोल्हापूरच्या छत्रपतींनी पाच हजार पोलिश माणसांस आश्रय दिला, असे सांगितले जाते. या वाक्यापाशी इतिहासाच्या शिक्षकाने क्षणभर थांबावयास हवे. छत्रपती राजाराममहाराज 1940 च्या नोव्हेंबरात निवर्तले. त्यानंतर गादीवर जे आले ते दत्तक छत्रपती शिवाजीमहाराज एक तान्हे बालक होते, आणि 1946 मध्ये बालवयातच त्यांचे निधन झाले. वळिवड्याची वसाहत उभारली गेली तेव्हा राज्याचा कारभार राजप्रतिनिधित्वाखाली चालत होता. त्या बालराजाच्या वयाची मुले वळिवड्याच्या बराकींत आयांच्या कडेवर होती. कोल्हापूर संस्थानाने जागा दिली, संस्थानच्या प्रजेने शेजार दिला, हे अगदी खरे. परंतु जामसाहेबांच्या साच्यात घालण्यासाठी कोल्हापूरचा राजा शोधू जाल तर तो पाळण्यात सापडेल.

मग वळिवड्याचा खर्च कोणी केला? मुख्यतः लंडनमधील पोलिश सरकारने, ब्रिटिशांकडून मिळणाऱ्या आर्थिक साह्याच्या बळावर. येथेच बालाचडी आणि वळिवडे यांतील महत्त्वाचा भेद आहे. बालाचडी हे प्राधान्याने दानाचे काम होते, वळिवडे हे प्राधान्याने त्या लोकांच्या स्वतःच्या सरकारचे काम होते. ज्या सरकारापाशी भूमी नव्हती, त्याने आपल्या प्रजेच्या अन्नवस्त्राचा भार हजारो मैलांवर वाहिला. आणि 1945 च्या जुलैत मोठ्या राष्ट्रांनी त्या सरकारची मान्यताच काढून घेतली. पराभूतांची आणि विस्मृतांची बाजू घेणारे कोणी नसते, म्हणून आपल्या गोष्टीत हे सरकार बहुधा येतच नाही. छावणीतील पोलिश शिक्षिका, परिचारिका, स्वयंपाकिणी, शिवणकाम करणाऱ्या आया यांस तर आपण ‘आश्रित’ या एकाच शब्दात गुंडाळून टाकतो. ज्यांनी आपली मुले जगविली त्या स्वतः वाचविणाऱ्याही होत्या, केवळ वाचलेल्या नव्हेत.

कोल्हापूरकरांचा वाटा कोणता, हेही तितक्याच मोजक्या शब्दांत सांगता येते. त्यांनी परक्यांस परके वाटू दिले नाही. बाजारात देवघेव झाली, भाजीवाल्यांस पोलिश आकडे आणि पोलिश बायकांस मराठी आकडे पाठ झाले, ओळखी वाढल्या. एका पोलिश तरुणीने तर कोल्हापुरातच विवाह करून तेथेच जन्म काढला. 1948 पर्यंत छावणी रिकामी झाली. कोणी इंग्लंडला, कोणी ऑस्ट्रेलियास, कोणी अमेरिका-कॅनडास, कोणी मायदेशी गेले. आणि त्याच बराकींत फाळणीने घरदार गमावलेली सिंधी कुटुंबे राहावयास आली. आजचे गांधीनगर ते हेच. एका निराश्रिताचे छप्पर दुसऱ्या निराश्रितास मिळाले. या घटनेस कोणा एकाचे श्रेय लागत नाही, म्हणूनच की काय, तिची गोष्ट कोणी सांगत नाही.

आपली दृष्टी आणखी थोडी लांब नेली तर श्रेयाचे वाटेकरी आणखी वाढतात. इराणने या निराश्रितांचा पहिला आणि सर्वांत मोठा भार सोसला. इस्फहान शहरात तर पोलिश मुलांच्या इतक्या संस्था निघाल्या, की ‘पोलिश मुलांचे शहर’ असेच नाव त्यास पडले. टांगानिका, युगांडा इत्यादी पूर्व आफ्रिकेच्या मुलखांत हजारो पोलिश माणसे छावण्यांत राहिली. 1944 मध्ये न्यूझीलंडने सातशेहून अधिक मुलांस पाहिआटुआ येथे घर दिले. मेक्सिकोतही एक वसाहत झाली. ‘जगाने दार लावले आणि फक्त आपण उघडले’ हे वाक्य उच्चारताना छाती फुगते खरी, पण ते वाक्य इराणच्या आणि आफ्रिकेच्या तोंडावर बोलता येण्याजोगे नाही.

असे असता, श्रेय एकाच नावाभोवती का गोळा होते? आम्हांस याची तीन कारणे दिसतात. पहिले असे, की समितीस चेहरा नसतो. निधीच्या वहीवर सही करणारे पन्नास जण मुलांच्या डोळ्यांपुढे उभे करता येत नाहीत. फेटा बांधलेला राजा करता येतो. दुसरे असे, की ज्यांनी या गोष्टी सांगितल्या ते त्या वेळी मुले होती. मुलांनी जामसाहेबांस पाहिले, त्यांच्या हातून खाऊ घेतला. दिल्लीतील पत्रव्यवहार त्यांनी पाहिला नाही. म्हातारपणी त्यांनी ज्यास पाहिले त्याचे आभार मानले, आणि ते योग्यच केले. त्यांच्या कृतज्ञतेतून बालाचडीचे 1989 चे स्मारक झाले, वॉर्सातील एका विद्यालयास जामसाहेबांचे नाव मिळाले, 2012 मध्ये तेथील एक चौक ‘भल्या महाराजांचा’ झाला. कृतज्ञता आणि इतिहास या दोन्ही गोष्टी आदरणीय आहेत, परंतु त्या एक नव्हेत. कृतज्ञता ज्यास पाहिले त्यास स्मरते. इतिहासाने ज्यांस कोणी पाहिले नाही त्यांचा शोध घ्यावयाचा असतो. तिसरे कारण आपल्या पदरचे आहे. आपणांस आपल्या गावाचे, आपल्या प्रांताचे, आपल्या राजाचे नाव मोठे झालेले हवे असते. गुजराती मनास जामनगर जवळचे, मराठी मनास कोल्हापूर जवळचे. आणि पोलंडची ती माणसे दोघांच्या स्पर्धेचे निमित्त होऊन बसतात.

बडोद्यात राहणाऱ्या मराठी माणसाची या बाबतीत मोठी कसोटी आहे. आमचे घर गुजरातेत, आमची भाषा कोल्हापूरची. दोन्हीकडचा अभिमान आम्हांस वारशाने मिळालेला. त्यातच नरेंद्रमंडळातील ज्या संस्थानिकांनी या मुलांस साह्य केले त्यांत बडोद्याचेही नाव घेतले जाते. हे वाचले तेव्हा आमचे मन एकदम उचंबळले, हे आम्ही लपवीत नाही. दुसऱ्या दिवशी फळ्यावर काय लिहावयाचे हेही मनात तयार झाले होते. मग आम्ही स्वतःलाच विचारले : अनेक दात्यांतील एक, एवढीच ज्या नावाची जागा, त्यास आपण आता जहाजावर चढविणार काय? ज्या चुकीसाठी आपण इतरांस दोष देतो, तीच आपल्या गावाच्या नावाने करावयाची काय? आपल्या गावचे नाव आले की इतिहासकाराने हात थोडा आखडता घ्यावा. परक्याचे श्रेय मोजताना माप शिगोशीग भरावे, आपले मोजताना ते सपाट करावे. हा नियम कठीण आहे, परंतु शिक्षकास दुसरा नियम नाही.

कोणी म्हणेल, की इतकी चिकित्सा कशाला? मुलांस एक उदात्त गोष्ट मिळाली, परोपकाराचा धडा मिळाला, हे पुरे नाही काय? आम्हांस वाटते, की पुरे नाही. आणि तेही त्या धड्यासाठीच. जहाजाच्या गोष्टीतून मूल काय शिकते? संकटात सापडलेल्यास वाचवावयास राजा लागतो, धाडसी हुकूम लागतो, आणि आपण राजे नसल्यामुळे आपण केवळ टाळ्या वाजवावयाच्या. खऱ्या गोष्टीतून ते दुसरेच शिकते. वाचविण्यासाठी एक मोटार चालविणारा लागतो, एक हिशेब ठेवणारा लागतो, एक दार ठोठावीत राहणारी बाई लागते, एक जागा देणारा लागतो, आणि शेजारी राहून माणुसकीने वागणारे एक गाव लागते. यांतील एखादे तरी काम त्या मुलास पुढेमागे करता येण्यासारखे असते. निराश्रित आजही जगात आहेत. उद्या त्यांतील कोणी आपल्या दाराशी आले तर जहाजाची गोष्ट ऐकलेला मुलगा राजाची वाट पाहील. मोटारीची गोष्ट ऐकलेला कदाचित उठून काही करील.

जामसाहेबांचे काय, या प्रश्नास आम्ही वर उत्तर दिलेच आहे. त्यांच्या पदरातून काही काढून घेण्याचा आमचा हेतू नाही. जो पुरुष मुलांचे पालकत्व इतर दोघांसह स्वीकारू शकला, त्यास त्या दोघांशेजारी उभे केल्याने कमीपणा येईल, असे मानणे हाच त्याचा अपमान होय.

असो. त्यानंतरच्या एका प्रार्थनासभेत आम्ही मुलांस सांगितले की मागे सांगितलेली गोष्ट चुकली होती. मुख्याध्यापकाने सर्वांसमक्ष असे म्हणावयाचे नसते, असा एक समज आहे. आम्हांसही ते वाक्य उच्चारणे जड गेले. मग मुंबईहून निघालेल्या मोटारी, अश्गाबादचे अनाथालय, क्वेट्ट्याचा रस्ता, बालाचडीचा समुद्र आणि वळिवड्याच्या बराकी, असे सारे क्रमाने सांगितले. या वेळी गोष्ट लांबली, नावे पुष्कळ झाली, आणि मागच्या बाकावर थोडी कुजबूजही झाली. ती आम्ही होऊ दिली. सभा संपल्यावर आठवीतील ती मुलगी पुन्हा दाराशी आली. या खेपेस तिचा प्रश्न वेगळा होता. “सर, त्या मोटारी चालवणाऱ्यांची नावं काय होती?”

ती नावे आम्ही तिला सांगू शकलो नाही. परंतु तो प्रश्न विचारावासा वाटावा इतपत तरी गोष्ट आता बरोबर सांगितली गेली, एवढे समाधान आम्हांस आहे.